खो कोणी द्यायचा? सोलापूरच्या एका शालेय खो-खो संघातील प्रशिक्षकबदलाचे प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. मुलींच्या घरी मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड बोलली जाते. वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळणारी, असे घर इथे पावलोपावली आहे. सतरा वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ ही या शाळेची ओळख होती. शाळेची, माणसांची नावे इथे घेतलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांबरोबर काम करताना हे प्रकरण मला जवळून पाहायला मिळाले.

संघ उभा केला तो शाळेतल्या ज्येष्ठ क्रीडाशिक्षकांनी. पुढे त्यांना फक्त ‘सर’ म्हणतो. त्यांची पद्धत सगळ्या शहराला ठाऊक होती. पहाटे सहाला मैदान, उशीर झाला तर फेऱ्या, सरावात शिट्टी आणि सरांचा आवाज सोडून दुसरा आवाज नाही. कोणी कुठे बसायचे, संरक्षणाच्या तीन तुकड्या कोणत्या, पहिली कोण उतरणार, सगळे सर ठरवत. पालकांना हे पसंत होते. “सर, रागवा, पण पोरीला शिकवा,” हे वाक्य पालकसभेत ठरलेले. सरांना खेळाची जाण खोल होती. खांबापाशी गडी बाद करताना पाऊल कुठे रोवायचे आणि हात केव्हा टाकायचा, हे ते एकेका मुलीला हात धरून दाखवत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुली विभागीय स्पर्धांपर्यंत खेळल्या आहेत.

2024 च्या जूनमध्ये सरांनी गुडघेदुखीमुळे मैदानाचे काम सोडले. ते शाळेत शिक्षक म्हणून राहिले. त्यांच्या जागी संस्थेने मानधनावर एक तरुण प्रशिक्षिका नेमल्या. मॅडम स्वतः राज्य स्पर्धा खेळलेल्या होत्या आणि आपल्या प्रशिक्षकाच्या धाकात वाढल्या होत्या. आपण तसे वागायचे नाही हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. पहिल्याच दिवशी त्या मुलींना म्हणाल्या, “संघ तुमचा आहे, तुम्हीच ठरवा.”

अडचण

पहिला महिना आनंदात गेला. सरावात हसणे-बोलणे सुरू झाले. मॅडम मुलींच्या घरी जाऊन आल्या. एक मुलगी दर चार-पाच दिवसांनी गैरहजर राहते म्हणून सरांच्या काळात ‘बेशिस्त’ ठरली होती. तिच्या घरी गेल्यावर मॅडमना कारण कळले. त्या दिवशी नळाला पाणी यायचे. आई विड्यांचा माल द्यायला कारखान्यात गेलेली, मग पाणी भरणार कोण? उजनीसारखे धरण जिल्ह्यात असूनही सोलापूर शहराला काही दिवसांआड पाणी मिळते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तरी इतक्या वर्षांत त्या गैरहजेरीचा पाण्याशी मेळ कोणी घातला नव्हता. मॅडमनी तिची पाण्याच्या दिवशीची सुट्टी मान्य केली.

ऑगस्टपासून मात्र घडी विस्कटू लागली. सरावाला येणे ऐच्छिक आहे असे मुलींनी गृहीत धरले. दहावीतल्या दोघी-तिघी मैदान चालवू लागल्या आणि आठवीच्या मुली फक्त बसायच्या, म्हणजे अक्षरशः मैदानावरच्या चौकात, आक्रमकांच्या बसायच्या जागेत, बसून राहायच्या. मग आली संघनिवड. मॅडमनी ती कर्णधार आणि ज्येष्ठ मुलींवर सोपवली. कर्णधार मुलींच्याच मतदानाने निवडलेली होती. तिला आपल्याच गल्लीतल्या मैत्रिणीला “तू यादीत नाहीस” हे सांगावे लागले. खेळाडूंना दहावीला मिळणारे सवलतीचे गुण डोळ्यांपुढे ठेवून बसलेल्या घरात ही साधी बातमी नसते. त्या मुलीची आई कर्णधाराच्या घरी भांडायला गेली.

शहराच्या स्पर्धेत संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला. इतक्या लवकर हा संघ कधी बाहेर पडला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीनंतर चार मुली मैदानावर परतल्याच नाहीत. पालकांचा एक गट मुख्याध्यापिकांकडे आला: सरांना परत आणा.

इथवरची गोष्ट कुणालाही एका वाक्यात सांगता आली असती. कडक सर गेले, मवाळ मॅडम आल्या, संघ बुडाला. शिक्षकखोलीत ती तशीच सांगितली जात होती. मुख्याध्यापिकांनी ती तशी मान्य केली नाही, आणि या प्रकरणाला तिथूनच वेगळे वळण लागले.

पहिला निर्णय: आधी हजेरीपट

मुख्याध्यापिकांनी मागच्या काही वर्षांचे सरावाचे हजेरीपट काढून घेतले. सरांच्या शिस्तीत ते नीट जपलेले होते. त्यातून दिसले की सरांच्या काळातही दरवर्षी मुली गळत होत्या, मुख्यतः आठवी-नववीत. पाचवी-सहावीतून नव्या मुली येत राहायच्या, मैदान भरलेले दिसायचे, म्हणून गेलेल्या कोणाच्या नजरेत भरल्या नाहीत. मॅडमच्या काळात चौघी एकाच वेळी गेल्या, म्हणून ते दिसले.

प्रशिक्षकाच्या वागण्याचा आणि मुलांनी खेळ सोडण्याचा संबंध परदेशात मोजला गेलेला आहे. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या बेसबॉलवर बार्नेट, स्मोल आणि स्मिथ यांनी केलेला अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. चूक झाल्यावर धीर देणे, प्रयत्नाचे कौतुक करणे, सूचना सोप्या शब्दांत देणे, असे प्रशिक्षण ज्या प्रशिक्षकांना मिळाले होते, त्यांची 5 टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत. तसे प्रशिक्षण न मिळालेल्यांची 26 टक्के मुले गळाली. दोन्हींच्या जिंकण्या-हरण्यात मात्र फरक नव्हता. आपल्याकडचा शालेय खेळ वेगळा आहे, आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी चषकांच्या कपाटाकडे पाहून गळतीचा अंदाज येत नाही, एवढे त्यातून नक्की घेता येते.

दुसरा निर्णय: मुलींना विचारणे

मुलींना काय हवे आहे हे विचारायचे ठरले. विचारायचे कसे, यावर बराच खल झाला. सगळ्यांसमोर विचारले तर कर्णधार बोलेल आणि बाकीच्या माना डोलावतील. शेवटी नाव न लिहिता उत्तरे द्यायची, कागद वर्गशिक्षिकांनी गोळा करायचे आणि सर-मॅडम दोघांनीही तेव्हा तिथे थांबायचे नाही, असे ठरले.

प्रश्नांचा सांगाडा मूळचे भारतीय असलेले क्रीडानेतृत्वाचे अभ्यासक चेल्लादुराई यांच्या कामातून घेतला. त्यांनी 1980 मध्ये सालेह यांच्यासह प्रशिक्षकाच्या वागण्याची पाच अंगे मांडली: शिकवणे, खेळाडूंना निर्णयात घेणे, स्वतःच निर्णय घेणे, माणूस म्हणून आधार देणे आणि चांगले केल्यावर तसे सांगणे. या पाच गोष्टी एकाच माणसात कमी-जास्त प्रमाणात असतात. कोणत्या वेळी कोणती जास्त हवी, हे खेळ, वय आणि खेळाडूची तयारी यांवर ठरते. ‘कडक की मवाळ’ या भांडणातून बाहेर पडायला एवढे पुरेसे होते.

उत्तरांनी शिक्षकखोली चक्रावली. आपले कुठे चुकते हे सर नेमके सांगायचे, ते हवे होते. मॅडम घरचे विचारतात, तेही हवे होते. सरांच्या ओरडण्यापेक्षा जास्त तक्रार त्यांच्या गप्प राहण्याबद्दल होती: चांगले खेळले तर ते काहीच बोलत नसत. मॅडमविरुद्धची तक्रार अशी की त्या सगळ्याला “छान” म्हणतात, मग खरे छान कोणते ते कळत नाही. एका गोष्टीवर जवळपास सगळ्यांचे एकमत होते, दोघांच्याही काळाबद्दल. संघात का आहे किंवा का नाही, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. सरांच्या वेळी विचारायची हिंमत नव्हती, मॅडमच्या वेळी विचारायचे कोणाला ते माहीत नव्हते.

खेळ काय मागतो

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. खो-खोत मैदानावर एका वेळी आक्रमणाच्या नऊजणी असतात. आठजणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, एक पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा बदलता येत नाही. संरक्षण करणारीला हवे तसे वळता येते. हा असमतोल भरून काढायला आक्रमणाकडे एकच साधन असते, योग्य क्षणी योग्य मुलीला दिलेला खो. तो क्षण निमिषाचा. त्यात कोणताही प्रशिक्षक, कितीही मोठ्या आवाजाचा असला तरी, बाहेरून निर्णय घेऊ शकत नाही.

जुन्या सामन्यांचे मोबाइलवरचे चित्रण पाहिले तेव्हा एक खूण पुन्हा पुन्हा दिसली. खो द्यायच्या आधी मुली क्षणभर सरांकडे पाहायच्या. दुबळ्या संघांविरुद्ध ते खपून जायचे. विभागीय पातळीवर साखळी खेळणारी, म्हणजे बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळणारी, चपळ मुलगी तेवढ्या क्षणात दोन मुली ओलांडून जायची. विभागापुढे हा संघ का जात नव्हता, याचे निदान मुलींचा दम कमी पडतो असे केले जात होते.

मॅडमच्या काळातल्या चित्रणात मुली बाहेर पाहत नव्हत्या. त्या एकमेकींकडे पाहत होत्या आणि दोघी एकदम उठायला निघत होत्या. निर्णय घ्यायची मोकळीक मिळाली होती, सराव मिळाला नव्हता.

लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेला मुलांच्या गटांवरचा अभ्यास शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. हुकूमशाही म्होरक्या खोलीत असेपर्यंत काम भरपूर होई, तो बाहेर गेला की ते ढेपाळे. सहभागाने चालणाऱ्या गटात तो नसतानाही काम चालू राही. आणि तिसरा, म्होरक्या काहीच न करणारा, मोकाट सोडलेला गट बहुतेक बाबतींत मागे पडे. मॅडमना सहभागाचा गट चालवायचा होता, नकळत तिसरा चालवला गेला. फरक ओळखायला कठीण असतो, कारण दोन्हींत प्रशिक्षक शांत असतो.

पर्याय

सरांना परत आणणे पालकांना हवे होते आणि सर तयारही झाले असते. पण हजेरीपट आणि चित्रण पाहिल्यावर तो जुन्या अडचणीकडे परत जाण्याचा रस्ता दिसत होता. शिवाय सरांचे गुडघे बरे झालेले नव्हते.

मॅडमना आणखी एक हंगाम तसाच द्यावा, हे संस्थेच्या एका सदस्याचे मत होते. त्याला मुख्याध्यापिकांनी ठाम नकार दिला. दहावीच्या मुलींना दुसरा हंगाम नसतो.

आक्रमण सरांकडे आणि संरक्षण मॅडमकडे, अशी वाटणीही सुचली. ऐकायला ती सोयीची होती. मॅडमनी स्वतःच त्यातला धोका दाखवला: एका मुलीला अर्धा तास “विचारू नको, कर” आणि पुढचा अर्धा तास “तूच ठरव” असे ऐकायला लागले, तर ती दोघांचेही ऐकणार नाही. क्लबचा बाहेरचा प्रशिक्षक आणावा हाही विषय निघाला, पण पैशांअभावी लगेच मिटला.

काय केले

डिसेंबरात मुख्याध्यापिका, मॅडम, सर आणि कर्णधार असे चौघे बसले. माणसांची वाटणी करण्याऐवजी निर्णयांची वाटणी केली. एका कागदावर तीन रकाने: प्रशिक्षिका एकट्या ठरवतील ते, मुलींशी बोलून ठरवतील ते, आणि मुलीच ठरवतील ते.

पहिल्या रकान्यात दुखापत, उन्हातला सराव थांबवणे, हजेरीचा नियम आणि संघनिवड गेली. मार्च-एप्रिलच्या सोलापुरी उन्हात सराव किती वेळ, यावर मतदान होऊ शकत नाही. संघनिवडीवर कर्णधाराने स्वतः जोर दिला: “मॅडम, ते तुम्हीच करा. मला नका सांगू.” मात्र निवडीचे निकष महिनाभर आधी भिंतीवर लागतील आणि यादीत नसलेल्या प्रत्येक मुलीशी मॅडम एकट्याने बोलतील, असे लिहिले गेले. हजेरीच्या नियमात पाण्याचा दिवस आणि मासिक पाळीचा त्रास ही मान्य कारणे ठरली. पण आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी निरोप द्यायचाच.

दुसऱ्या रकान्यात संरक्षणाच्या तुकड्या, सरावाची वेळ आणि कर्णधारपद. तिसऱ्या रकान्यात एकच ओळ होती: खेळाची पाळी सुरू झाल्यावर मैदानातले सगळे.

त्या ओळीसाठी सराव बदलावा लागला. मॅडमनी आठवड्यातले दोन दिवस शिट्टी आणि सूचनांविना ठेवले. एक छोटी पाळी खेळायची, मग बसलेल्या मुलींनी सांगायचे की खो कुठे लवकर झाला, कुठे उशिरा. पहिले काही आठवडे मुली बोलतच नव्हत्या. एखादी बोललीच तर “तुम्हीच सांगा ना, मॅडम”. मॅडम थांबून राहायला शिकल्या. आधी मुली गप्प राहिल्या की त्या विषय सोडून देत, आता उत्तर येईपर्यंत सोडत नसत. चुकीच्या उत्तरालाही लगेच “छान” म्हणत नसत. “पुन्हा तीच पाळी खेळू, बघू,” म्हणत.

2025 च्या जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीतच, दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवले. मॅटवरचा खेळ, नियम शालेय स्पर्धेपेक्षा थोडे वेगळे, पण मॅडमनी तो शाळेत दाखवला आणि एकच काम दिले: खो देणारी मुलगी खो द्यायच्या आधी कुठे पाहते, ते टिपा. भाषण देऊन जे गळी उतरले नव्हते ते त्या तासाभरात उतरले.

सरांचे स्थान हा सर्वांत नाजूक भाग होता. आठवड्यातून दोनदा त्यांनी खुर्चीवर बसून खांबावरचे कौशल्य आणि सूर शिकवायचे, मॅडमच्या आखणीनुसार, असे ठरले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सवयीने पाळी थांबवून जागा बदलल्या. मॅडमनी मुलींसमोर काही म्हटले नाही. नंतर कागद घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, “सर, तिसरा रकाना.” सर दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पाचवी-सहावीच्या मुली मागून घेतल्या. ही मागणी मुख्याध्यापिकांनी लगेच मान्य केली, आणि ती मन राखायला केलेली तडजोड नव्हती. अकरा-बारा वर्षांच्या नवख्या मुलीला बसायचे कसे, उठायचे कसे, हे नेमके आणि ठाम सांगणारा माणूसच लागतो. तिथे सरांची पद्धत चपखल बसते. फक्त एक भर घातली गेली: चांगले केले की तसे म्हणायचे. सरांना हे जड गेले, पण ते म्हणू लागले.

निकाल

पुढच्या हंगामात मोठ्या मुलींचा संघ शहराच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि एका गुणाने हरला. शेवटच्या पाळीत एक उशिरा खो झाला. सामन्यानंतर तो कोणता, हे मॅडमनी विचारायच्या आधी तीन मुलींनी सांगितले. सुटून गेलेल्या चौघींपैकी दोघी परतल्या. एकीचे लग्न ठरण्याच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. शाळेने घरी जाऊन ते तूर्त थांबवले, पण ती मैदानावर आली नाही. चौथी दुसऱ्या शाळेकडून खेळते. आठवी-नववीतली गळती त्या वर्षी स्पष्ट कमी झाली.

पालकांमधला एक गट अजून नाराज आहे. चषक आला नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे.

काय वेगळे करता आले असते

जूनमधला बदल एका दिवसात झाला. सर आणि मॅडम दोघेही शाळेत उपलब्ध होते, तरी एकत्र घालवलेले दोन-तीन आठवडेसुद्धा नियोजनात नव्हते. मुलींना काल ज्याची शिक्षा होती ते आज मोकळे झाले, आणि का, हे कोणी सांगितले नाही. त्या आठवड्यांत तीन रकान्यांचा कागद बनला असता तर ऑगस्ट टळला असता, असे मला वाटते.

संघनिवड मुलींवर सोपवणे ही सर्वांत महाग पडलेली गोष्ट. निवडीतला कडवटपणा पगार किंवा मानधन घेणाऱ्या मोठ्या माणसाने अंगावर घ्यायचा असतो. पंधरा वर्षांच्या मुलीला त्याच गल्लीत राहायचे असते. कर्णधाराशी या विषयावर बोलायला डिसेंबरपर्यंत थांबायला नको होते. ती त्या काळात दोन महिने डबा एकटीच खात होती, हे वर्गशिक्षिकांना माहीत होते.

हजेरीपट दरवर्षी मार्चमध्ये पाहिला गेला असता, तर सरांच्या चांगल्या दिवसांतच गळतीचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवता आला असता. त्या वेळी ते ऐकण्याच्या मनःस्थितीत असते, कारण तेव्हा त्यांच्यावर तुलनेचे ओझे नव्हते.

आणि मानधन. हंगामाच्या मध्यात मॅडमचे दोन महिन्यांचे मानधन थकले होते. त्यांनी दुसरीकडे विचारणा केली होती आणि संघाला ते कळले होते. प्रशिक्षकाच्या पद्धतीवर आपण कितीही बोललो, तरी पुढच्या जूनमध्ये त्या असतीलच याची हमी संस्था देत नसेल, तर मुलींना पुन्हा नव्या माणसाशी नव्याने जुळवून घ्यावे लागेल. मुख्याध्यापिकांनी यंदा मानधनाची तरतूद वर्षाच्या सुरुवातीलाच करावी असा ठराव शालेय समितीपुढे ठेवला आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.